मूस पाडण्याआधी खेचरांचा विचार करा
नॉर्थ पार्क, कोलोरॅडो – मांस डोंगराखाली आणून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

दर ऑक्टोबरात, मूसच्या (हरणाच्या कुळातलं प्रचंड जनावर) हंगामात, डोंगरातून शिकाऱ्यांचा एकच निरोप येतो: “मूस पडला. वाटेपासून फक्त अर्धा मैल आत. खेचरं कधी येतील?” खेचरं वाटेपर्यंत येतील. घोटाळा असतो तो त्या अर्ध्या मैलात.

इथले लॉजपोल पाइन काही वर्षांपूर्वी किड्यानं मारले. उभे वाळले आणि आता एकावर एक आडवे पडताहेत. माणूस त्या खोडांवरून कसाबसा चढून-उतरून जातो. दीडशे पाउंड लादलेलं खेचर गेलं तर पाय मोडून घेईल. “मग कापा वाट” असंही सांगतात. पण नेव्हर समर, रावा, माउंट झर्कल ही रानं १९६४ च्या वाइल्डरनेस (राखीव निसर्गरान) कायद्याखाली येतात. तिथे यंत्राची करवत चालत नाही, चाकाची हातगाडीसुद्धा नाही. (हातगाडी घेऊन आलेले तरी दरवर्षी भेटतातच.) हाताच्या करवतीनं अर्धा मैल मोकळा करेपर्यंत मांस नासून जाईल.

म्हणून आमचा नियम: मांस घोडवाटेवर तुम्ही आणायचं, तिथून खाली आम्ही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. जनावर आमचं आहे, इतकंच म्हणतो.

घोटाळ्याची दुसरी जागा पाणथळीची. मूस वाळुंजाच्या झुडपांत, चिखलात रमतो. पाण्यात उभा असेल तर थांबा, बाहेर येऊ द्या. आठशे-हजार पाउंडांचा नर तळ्यात पडला की दोघांना तो काठावर ओढता येत नाही, आणि गार पाण्यात उभं राहून फरे सोडवणं म्हणजे काय ते एकदा केलेला माणूस पुन्हा करत नाही. वर्षानुवर्षं अर्ज करून, सोडतीचे पॉइंट जमवून मिळालेला शिकारीचा परवाना आहे, आणखी एक दिवस वाट पाहायला हरकत नाही.

कातडी लगेच उतरवा. दुपारचं ऊन ऑक्टोबरातही तापतं आणि एवढ्या मोठ्या धडातली ऊब आतच कोंडते. फरे कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगा, प्लास्टिक नको. पिशव्या आमच्याकडे मिळतात. नर-मादी ओळखण्याची खूण मांसाला लागलेली ठेवा, आणि पाच कामकाजी दिवसांत वन्यजीव खात्याकडे तपासणी करून घ्या.

चार फरे, पाठ, मान, डोकं मिळून साधारण चार खेचरं लागतात. पैसे प्रत्येक खेचरामागे आणि दिवसामागे, वजनावर नाही. आमच्यापेक्षा स्वस्त नेणारे आहेत. त्यांच्याकडे वनखात्याचा परवाना आहे का, एवढं विचारून घ्या. रायफलचा हंगाम १ ते १४ ऑक्टोबर, त्यामुळे खेचरं आधी राखून ठेवलेल्यांना पहिला मान.

ऑगस्टमध्ये नकाशा घेऊन पागेवर या. कुठली वाट मोकळी, कुठे पडझड, हे खुणा करून देतो. त्याचे पैसे नाहीत. मग ती जागा पाठीवर साठ पाउंड घेऊन एकदा चालून पाहा.

ठिकाण कळवताना जीपीएसचे आकडे दशांश अंशांतच पाठवा. ४०.३० अंश आणि ४० अंश ३० मिनिटं यांत चौदा मैलांचं अंतर पडतं, आणि आम्ही एकदा ते रात्री चाललो आहोत.