गादीवाफ्यातील टोमॅटो (खानदेश)

परसात किंवा मळ्याच्या कडेला, जमिनीपेक्षा फूटभर उंच आणि चारी बाजूंनी आधार दिलेल्या वाफ्यात टोमॅटोचे पाच-दहा वाण एकाच हंगामात घेण्याची पद्धत. रोपवाटिकेतला गादीवाफा म्हणजे साधारण 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 15 सेंमी उंच मातीचा ओटा. रोपे उपटली की त्याचे काम संपते. इथला वाफा मात्र कायमचा असतो आणि रोप लावल्यापासून शेवटच्या तोडणीपर्यंत पीक त्यातच राहते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बोलताना ‘टमाटे’ म्हणतात. लागवड बहुधा घरच्या रश्श्यापुरती असते, बाजारासाठी ती परवडत नाही.

पद्धतीचे मूळ काळ्या मातीत आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली भारी काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की तडकते. भाद्रपदातल्या पावसात ती आठ-आठ दिवस चिकट राहते, मुळांना हवा मिळत नाही, आणि रोप पाण्यात उभे असूनही सुकल्यासारखे माना टाकते. वाफा उंच केला की पाणी निघून जाते आणि रोप महिनाभर आधी लावता येते. खानदेशात हा महिना फार मोलाचा आहे, कारण टोमॅटोला मानवणारी थंडी इथे थोडेच दिवस टिकते.

हंगाम

रात्रीचे तापमान 15 ते 20 अंश सेल्सिअस असताना टोमॅटोची फळधारणा चांगली होते. दिवस 35 अंशांच्या वर आणि रात्र 22-23 अंशांच्या वर गेली की पराग निकामी होतात आणि फूल देठासकट गळते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, पण टोमॅटोचा खेळ त्याच्या कितीतरी आधी, मार्चमध्येच आटोपतो. दुसऱ्या टोकाला जानेवारीतल्या काही रात्री 10 अंशांखाली उतरतात. तेव्हा मोठ्या फळांच्या वाणांत फळे वेडीवाकडी, बुडाशी शिवल्यासारखी होतात. थोडक्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य एवढीच फुलांची खरी मुदत.

तारखा लक्षात ठेवायला सण सोयीचे पडतात. पोळ्याला बी टाकावे. घटस्थापनेपर्यंत बरोबर एक चांद्रमास जातो आणि रोपालाही 25 ते 30 दिवसच लागतात. घटस्थापनेला पुनर्लागवड केली की आणखी महिन्याने, दिवाळीला, पहिली फुले दिसतात, आणि फुलापासून पिकल्या फळापर्यंत 45 ते 55 दिवस धरले तर संक्रांतीला तोडा भरात असतो. अधिक मासाच्या वर्षी पोळा सप्टेंबरच्या मध्यावर सरकू शकतो. त्या वर्षी सणाची वाट न पाहता बी 1 सप्टेंबरच्या आसपास टाकलेले बरे.

वाफा आणि माती

रुंदी 4 फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. लांबी 8 फूट, उंची 1 फूट धरली तर 32 घनफूट, म्हणजे सुमारे 900 लिटर मिश्रण लागते. 13 लिटरचे घमेले धरल्यास 70 घमेली. आधाराला विटा, शहाबादी फरशीचे तुकडे किंवा बांबू चालतात. नुसत्या रचलेल्या विटांच्या मागे निव्वळ काळी माती भरली, तर पहिल्याच पावसाळ्यात माती फुगून भिंतीला पोट येते आणि उन्हाळ्यात कडेने बोटभर फट पडते. त्या फटीतून पाणी सरळ खाली निघून जाते. वरून ओला दिसणारा वाफा आतून कोरडा राहण्याचे हे नेहमीचे कारण.

मिश्रणात 4 भाग नाल्याकाठची पोयट्याची माती, 2 भाग काळी माती, 3 भाग पूर्ण कुजलेले शेणखत व गांडूळखत आणि 1 भाग कोकोपीट किंवा भाताचे तूस घ्यावे. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळून ती भुसभुशीत होईल, हा समज चुकीचा आहे. वाळू अर्ध्याच्या आसपास गेल्याशिवाय फरक पडत नाही, उलट थोड्या वाळूने माती विटेसारखी बसते. दर वाफ्याला 1 किलो निंबोळी पेंड आणि 200 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट भरतानाच द्यावे. युरिया 60 ते 70 ग्रॅम, तोही तीन हप्त्यांत: लागवडीनंतर 20, 40 आणि 60 दिवसांनी. पोटॅश 50 ग्रॅम, निम्मे सुरुवातीला आणि निम्मे फळे धरताना. संकरित वाण याच्या दीडपट खत पचवतात. गावठी वाणाला तेवढे दिले तर झाड माणसाएवढे होते आणि फळ शोधावे लागते.

गच्चीवर असा वाफा बांधू नये. ओल्या मातीचा फूटभर थर दर चौरस मीटरला सुमारे 400 किलो भरतो, आणि वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकातला चल भार (माणसे आणि सामानाचा भार) चौरस मीटरला 150 किलोच्या आसपास धरलेला असतो. गच्चीला कुंड्या आणि पिशव्याच बऱ्या, त्याही भिंतीच्या कडेने.

वाण

वाण निवडताना फळाच्या रंगापेक्षा झाडाची ठेवण आणि पिकण्याचे दिवस आधी पाहावेत. बुटक्या, ठरावीक वाढीच्या वाणांत रोमासारखे लांबट, घट्ट गराचे वाण येतात; फळे दोन-तीन आठवड्यांत एकदम पिकतात, म्हणून सॉस किंवा वाळवणासाठी सोयीचे. मध्यम वाढीत बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का विकास आणि अर्का रक्षक हे वाण येतात. अर्का रक्षक संकरित असून पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे सरळ (संकरित नसलेले) वाण असल्याने त्यांचे बी घरी धरता येते. पुसा रुबी जुना, चपटसर आणि आंबट. शेवभाजीच्या रश्श्याला हवा तो आंबटपणा त्यात आणि गावठी टमाट्यात असतो, बाजारातल्या जाड सालीच्या फळात नसतो.

ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम अशा परदेशी वाणांचे बी हौशी लोक मागवतात. चव उत्तम, पण पुनर्लागवडीनंतर 80 ते 90 दिवस घेणारी ही झाडे खानदेशात एकाच टप्प्यात फळे देतात. पहिल्या दोन-तीन घोसांनंतर उन्ह येते आणि पुढची फुले गळतात. चेरी टोमॅटो 55 ते 60 दिवसांत सुरू होतो आणि बाकीचे वाण थांबल्यावरही मार्चअखेरपर्यंत फळ धरत राहतो. दहा झाडांच्या वाफ्यात मोठ्या परदेशी वाणांची दोनच झाडे असावीत, बाकी जागा भरवशाच्या वाणांना.

मांडणी

8 फुटी वाफ्यात 60 सेंमी अंतरावर दोन ओळी, ओळीत 45 सेंमीवर एकेक रोप, म्हणजे दहा झाडे. बुटक्या वाणांना 60 सेंमी सोडावे लागतात, तेव्हा आठच बसतात. एकाच वाफ्यात दहा वाणांचे एकेक झाड लावण्याचा मोह टाळावा. एकुलते एक झाड बिघडले तर दोष वाणाचा, कोपऱ्यातल्या चोंदलेल्या ठिबक नळीचा की रोगाचा, ते कळत नाही. दोन वाफे असतील तर पाच वाण घेऊन प्रत्येकाची दोन झाडे एका वाफ्यात आणि दोन दुसऱ्यात लावावीत. उंच वाण उत्तरेच्या ओळीत, म्हणजे हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात बुटक्यांवर सावली पडत नाही. नावाची पाटी लाकडी असेल तर शाई दोन महिन्यांत उडते. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरलेले नाव टिकते, शिवाय मांडणीचा कागदी नकाशा वेगळा ठेवावा.

रोप सायंकाळी लावावे, आणि खालची दोन पाने काढून खोड बीजपत्रांपर्यंत मातीत घ्यावे. गाडलेल्या खोडाला मुळे फुटतात. हे गादीवाफ्यातच करावे. सपाट काळ्या मातीत खोड इतके खोल घेतले तर कुजते. सतत उंच वाढणाऱ्या वाणांना 7 फुटी बांबू, त्यावर तार आणि सुतळीचा सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा. बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातले फुटवे, बोटाएवढ्या असतानाच सकाळी खुडाव्यात आणि दोन फांद्या राखाव्यात. पानांवर मात्र हात आखडता ठेवावा: फेब्रुवारीनंतर उघड्या पडलेल्या फळावर पश्चिमेच्या उन्हाने पांढरा, कागदासारखा चट्टा उठतो.

पाणी

दोन 16 मिमी नळ्या, दर 30 सेंमीला तासाला 2 लिटरचा ड्रिपर, म्हणजे वाफ्यावर 16 ड्रिपर आणि तासाला 32 लिटर. डिसेंबरात वाफ्याला रोज 12 ते 15 लिटर लागतात, तेवढ्याला 25 मिनिटे पुरतात. मार्चमध्ये 20 ते 25 लिटर, सकाळ-संध्याकाळ विभागून. पाटाने भिजवायची सवय असलेला माणूस वाफ्याला आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी देतो, आणि तिथूनच बूड काळे पडण्याची तक्रार सुरू होते. फळाच्या टोकाला चपटा, चामड्यासारखा काळा डाग पडतो तो कॅल्शियम तिथवर न पोचल्याने. खानदेशच्या चुनखडीयुक्त मातीत कॅल्शियम मुबलक असते, कमी पडते ते पाण्याचे सातत्य. वरून चुना टाकल्याने काही साधत नाही, उलट सामू (पीएच) वाढून लोह अडकते आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. लांबट फळांचे वाण या विकृतीला सर्वांत आधी बळी पडतात.

आच्छादनाला उसाचे पाचट, सोयाबीनचा भुसा किंवा केळीची वाळलेली पाने दोन-तीन इंच जाड पसरावीत, खोडाभोवती चार बोटे जागा सोडून.

कीड, रोग आणि चुकीचे निदान

कपाशीवरची अमेरिकन बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी आणि टोमॅटोवरची फळ पोखरणारी अळी ही एकच कीड. कपाशी उरकून पऱ्हाटी उपटली जाते त्या सुमारास शेजारच्या परसातल्या टोमॅटोवर अळी आणि पांढरी माशी दोन्ही वाढतात. हरभरा जवळ असेल तर जास्तच. वाफ्याच्या टोकांना पिवळा झेंडू, दर वाफ्याला एक पिवळा चिकट सापळा, आठवड्याला 5 टक्के निंबोळी अर्क, आणि सर्वांत खात्रीचे म्हणजे रोज सकाळी भोक पडलेली फळे तोडून नष्ट करणे. दहा झाडांना तेवढे पुरते. 2014 मध्ये महाराष्ट्रात प्रथम आढळलेली टुटा ही नागअळी पानात रुंद, फोडासारखे पारदर्शक चट्टे करते आणि देठाजवळून फळातही शिरते. अशी पाने तोडून जाळावीत.

सर्वांत जास्त घोळ पाने आकसण्याच्या बाबतीत होतो. पर्णगुच्छ विषाणू पांढरी माशी पसरवते. पाने वर वळून वाटीसारखी, लहान आणि पिवळट होतात, झाड खुरटते, आणि बाधा एकेका झाडाला, मागेपुढे होते. काकडी मोझॅक विषाणू मावा पसरवतो. त्यात पान बुटाच्या नाडीसारखे अरुंद होते. तिसरे कारण रोगाचे नाहीच: शेजारच्या गहू, मका किंवा उसात फवारलेले 2,4-डी हे तणनाशक वाऱ्याने येते. त्यानेही पाने अरुंद आणि पिळलेली होतात, पण वाऱ्याच्या बाजूची सगळी झाडे एकाच आठवड्यात, सगळे वाण सारखेच बिघडतात, आणि बाधा हलकी असेल तर पुढचा शेंडा सरळ येतो. विषाणूचे झाड सुधारत नाही, ते लगेच उपटावे. तणनाशकाच्या झाडाला दोन आठवडे थांबावे. तणनाशकाचा पंप टोमॅटोला वापरणे हेही याच प्रकारात मोडते, तो कितीही धुतला तरी.

रावेर, यावल, चोपड्याकडच्या केळी पट्ट्यात आणखी एक सांभाळावे लागते. काकडी मोझॅकचा विषाणू केळीलाही लागतो, म्हणून नव्या केळीच्या शेजारी टोमॅटो, काकडी, वांगी नसावीत असे बागायतदार सांगतात. ते रास्त आहे.

करप्याची सुरुवात खालच्या पानांवर गोल, वर्तुळांच्या डागांनी होते. फूटभर उंचीपर्यंतची पाने काढून टाकणे आणि पाणी पानांवर न मारणे यानेच तो अर्ध्यावर येतो; तरी वाढला तर मॅन्कोझेब 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम. अवकाळी पाऊस झाला की गावठी व पातळ सालीची फळे तडकतात, म्हणून आभाळ भरून आले की रंग धरलेली फळे आधी काढावीत.

तोडणी, बी आणि उन्हाळा

लालीचे द्रव्य, लायकोपीन, 30 अंशांच्या वर नीट बनत नाही. म्हणून मार्चमधली फळे झाडावर पिवळट-केशरीच राहतात. बुडाशी गुलाबी छटा आली की तोडून घरात सावलीत एकेरी थरात ठेवली तर रंग बराच सुधारतो. फेब्रुवारीअखेरीस पश्चिमेच्या बाजूने 50 टक्के सावलीची हिरवी जाळी लावल्यास हंगाम आणखी लांबतो.

टोमॅटोत परागीकरण बहुतेक फुलातल्या फुलातच होते, म्हणून सरळ वाण शेजारी असले तरी भेसळ कमी होते. हवी तर एका घोसावर फुले उमलण्याआधी पातळ मलमलीची पिशवी बांधावी. बी दुसऱ्या-तिसऱ्या घोसातल्या पूर्ण पिकलेल्या फळाचे घ्यावे. गर दोन दिवस आंबवावा, वर पांढरी साय आली की धुऊन खाली बसलेले बी तेवढे घ्यावे आणि सावलीत वाळवावे. कागदावर वाळवू नये, चिकटते. संकरित वाणाचे बी धरू नये.

एका वाफ्यात टोमॅटोनंतर तीन वर्षे टोमॅटो, वांगे, मिरची, बटाटा घेऊ नये हा नियम खानदेशी परसात पाळणे कठीण. वांगे-मिरचीशिवाय परस असतो कुठे? त्यावर इथले ऊनच कामाला येते. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणावे, कडा मातीने बुजवाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. काळे प्लास्टिक चालत नाही, त्याने माती तेवढी तापत नाही. वरच्या थरातले सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत), मररोगाची बुरशी आणि तणांचे बी बरेच मरते. जूनमध्ये ताग पेरून 45 दिवसांनी तिथेच गाडावा. मिश्रण दरवर्षी दोन-अडीच इंच खाली बसते. तेवढे शेणखत, 12 ते 14 घमेली, पोळ्याच्या आधी वरून घालावे लागते.