रहिवासी परिषद (अमेरिकेतील नर्सिंग होम)

नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या वृद्ध व अपंग माणसांनी आपल्या देखभालीतील उणिवा एकत्रितपणे मांडण्यासाठी स्वतः चालवलेले मंडळ. ‘नर्सिंग होम’ म्हटले की मराठी वाचकापुढे डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह उभे राहते. अमेरिकेत हा शब्द दीर्घकाळ शुश्रूषा देणाऱ्या निवासी संस्थेला लावतात. अंघोळ, जेवण, उठणे-बसणे यांसाठी रात्रंदिवस दुसऱ्याच्या हाताची गरज असलेले लोक तिथे महिनोन्महिने, कित्येकदा शेवटपर्यंत राहतात. अशा सुमारे १५ हजार संस्था तिथे आहेत.

गृहनिर्माण सोसायटीच्या सभेला बसलेल्या माणसाला या परिषदेची विषयपत्रिका, इतिवृत्त, अध्यक्ष, सचिव हे सारे ओळखीचे वाटेल. पण सोसायटीत सभासद मालक असतो. इथे ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याच्याकडूनच रात्री कूस बदलून घ्यायची असते. परिषदेचे जवळजवळ सगळे नियम आणि सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

१९७५ मध्ये एल्मा होल्डर यांच्या पुढाकाराने नर्सिंग होम सुधारणेसाठी राष्ट्रीय पातळीवरची नागरिकांची आघाडी उभी राहिली. १९८५ मध्ये या आघाडीने साडेचारशेहून अधिक रहिवाशांना ‘चांगली देखभाल म्हणजे काय’ हे थेट विचारले. पुढच्याच वर्षी आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेचा नर्सिंग होमबद्दलचा अहवाल आला आणि १९८७ मध्ये नर्सिंग होम सुधारणा कायदा संमत झाला. रहिवाशांना असा गट, म्हणजेच परिषद, स्थापन करण्याचा हक्क या कायद्याने मिळाला. २०१६ च्या नियमांनी त्याचा तपशील आणखी पक्का केला. मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठी) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी) या सरकारी आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला हे नियम लागू आहेत. ‘असिस्टेड लिव्हिंग’ या तुलनेने हलक्या मदतीच्या निवासांना मात्र ते लागू नाहीत. तिथे त्या-त्या राज्याचा कायदा पाहावा लागतो.

परिषद हवी की नको हे रहिवाशांनी ठरवायचे. ती स्थापन झाली की संस्थेने सभेसाठी खासगी जागा द्यायची, सभेची सूचना वेळेवर सर्वांपर्यंत पोहोचवायची आणि परिषदेला मान्य असलेला एक कर्मचारी मदतीला नेमायचा. कर्मचारी, पाहुणे किंवा इतर कोणीही आमंत्रणाशिवाय सभेत बसू शकत नाहीत. आलेल्या तक्रारी व सूचनांवर संस्थेने त्वरित पावले उचलायची असतात. काय केले आणि का केले, हेही तिला दाखवता आले पाहिजे. प्रत्येक मागणी मान्य करण्याचे बंधन मात्र तिच्यावर नाही. ‘नाही’ म्हणता येते, पण गप्प बसता येत नाही.

जेवणाच्या बाबतीत परिषदेच्या हाती याहून जास्त सत्ता आहे. रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. झोपताना पौष्टिक खाणे दिले आणि रहिवाशांच्या गटाने संमती दिली, तरच ते १६ तासांपर्यंत नेता येते. म्हणजे संध्याकाळी ५ ला जेवण वाढणाऱ्या संस्थेने न्याहारी ९ ला ठेवायची म्हटली, तर आधी रहिवाशांचा होकार लागतो. हे ठाऊक नसेल तर परिषद हा होकार न वाचताच देऊन टाकू शकते.

सुरुवातीला तीन-चार उत्साही रहिवासी पुरतात. त्यांनी प्रथम आपल्या भागातील ऑम्बुड्समनला, म्हणजे रहिवाशांच्या बाजूने तक्रारींचा पाठपुरावा करणाऱ्या प्रतिनिधीला, फोन करावा. त्याचा नंबर संस्थेत लावलेला असणे बंधनकारक आहे. १९७२ मध्ये काही राज्यांत प्रयोग म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था आज प्रत्येक राज्यात आहे आणि परिषदांना साहाय्य करणे हे तिचे कायद्याने ठरलेले काम आहे. मग खोलीखोलीत जाऊन बोलावणे करावे. नुसती नोटीस लावून माणसे येत नाहीत.

सभेचा वार ठरवताना डायलिसिस विसरू नये. ते सहसा सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरु-शनि असे चालते. सभा कायम बुधवारी ठेवली तर ठरावीक लोक कायमचे बाहेर राहतात, म्हणून वार आलटून-पालटून घ्यावा. भोजनगृहाचा कोपरा टाळावा. तिथे भांड्यांचा आवाज असतो आणि स्वयंपाकघरातले लोक ये-जा करत असतात. वीस-पंचवीस व्हीलचेअर आणायला अर्धा तास सहज जातो, तेवढे मदतनीस त्या वेळी मोकळे हवेत. माईक, मोठ्या अक्षरांतली विषयपत्रिका आणि पाऊण ते एक तासाची मर्यादा एवढे सांभाळले तर बहुतेकांना शेवटपर्यंत बसता येते. जे खाटेवरून उठू शकत नाहीत त्यांच्याकडे मजल्याच्या प्रतिनिधीने आदल्या दिवशी एकच प्रश्न घेऊन जावे. स्मृतिभ्रंश असलेल्यांना वगळू नये. ‘सूप गरम होते का?’ याचे उत्तर त्यांच्यातले पुष्कळजणही नीट देतात. उपाध्यक्ष पहिल्या दिवसापासून निवडावा, कारण अध्यक्ष कधीही रुग्णालयात दाखल होऊ शकतो आणि अशी कितीतरी मंडळे एका माणसाबरोबर संपली आहेत.

खरा कस तक्रार लिहिण्यात लागतो. ‘रात्री बेल वाजवली तरी कोणी येत नाही’ असे लिहिले की ‘कर्मचाऱ्यांना समज दिली आहे’ असे उत्तर येते आणि विषय मिटतो. त्याऐवजी पाच रहिवाशांनी सात दिवस टिपण ठेवावे. त्यातली एक ओळ अशी असते: ‘बेल दाबली ९.१०, मदतनीस आली, दिवा बंद केला, “आलेच” म्हणाली ९.१४, शौचालयात नेले ९.५२.’ इथे दोष उघडा पडतो. बेल दाबली की खोलीच्या दारावर लागणारा दिवा विझला, म्हणून नोंदीत बेलला चार मिनिटांत प्रतिसाद मिळालेला दिसतो. माणूस मात्र आणखी ३८ मिनिटे ताटकळत राहिला. आता मागणीही नेमकी करता येते: काम होईपर्यंत दिवा बंद करू नये, आणि रात्री ९ ते १० या वेळेत त्या मजल्यावर एक मदतनीस वाढवावी. एका कागदावर एकच विषय घ्यावा. काय घडते, कुठे व केव्हा, काय हवे, आणि उत्तर कोणी कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, एवढे त्यात असावे. अमेरिकी नियम ‘त्वरित’ म्हणतो, दिवस सांगत नाही, म्हणून परिषदेने मुदत स्वतःच्या नियमावलीत घालावी. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात कायद्यानेच १० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते.

पुढची सभा जुन्या विषयांपासून सुरू करावी आणि आलेले उत्तर मोठ्याने वाचून दाखवावे. एवढी एक सवय नसेल तर परिषद हळूहळू बिंगोच्या (आकड्यांच्या खेळाच्या) वेळा आणि वाढदिवसांच्या घोषणांची बैठक होऊन जाते. अनेक ठिकाणी हेच होते. त्याचे एक कारण इतिवृत्तात सापडते. ते अनेकदा संस्थेच्याच उपक्रम विभागाचे प्रमुख लिहितात, आणि ‘आठवडाभर रात्रीचे जेवण थंड मिळाले’ याचे ‘जेवणाबाबत चर्चा झाली’ असे होते. सचिवाचा हात थरथरत असेल तर ध्वनिमुद्रण करावे किंवा स्वयंसेवक बोलवावा, पण मजकूर परिषदेनेच मंजूर करावा. त्यात तक्रारदाराचे नाव घालू नये. ‘दुसऱ्या मजल्यावरील तीन रहिवासी’ एवढे पुरते. एकट्याच्या औषधाची किंवा जखमेची तक्रार संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे न्यावी. तिथल्या निकालाची नोंद किमान तीन वर्षे जपून ठेवावी लागते.

सूड उगवण्याला कायद्याने बंदी आहे, पण भीती कायद्याने जात नाही. म्हणून मागणी नेहमी परिषदेच्या नावाने जावी. दाद मिळाली नाही तर ऑम्बुड्समन मध्यस्थी करतो. त्याला दंड करता येत नाही, तो अधिकार तपासणी यंत्रणेकडे आहे. राज्याचे तपासनीस साधारण ९ ते १५ महिन्यांत एकदा न सांगता येतात, कर्मचाऱ्यांविना परिषदेची भेट घेतात आणि तिच्या परवानगीने मागची इतिवृत्ते वाचतात. तारीखवार लिहिलेली, उत्तर न मिळालेली मागणी त्यांच्या हाती पडली तर ‘एफ ५६५’ या, रहिवासी गटांविषयीच्या नियमाच्या, क्रमांकाखाली संस्थेवर ठपका येऊ शकतो आणि तिला सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे भेटी, एकत्र जेवण आणि सामूहिक कार्यक्रम थांबले. अनेक परिषदांच्या सभाही त्याबरोबर बंद पडल्या. नेमक्या त्याच काळात रहिवाशांना बोलायला जागा उरली नव्हती.

नातेवाइकांची परिषद वेगळी असते आणि तिलाही असेच हक्क आहेत. मुलांजवळ राहायला गेलेल्या आणि पुढे नर्सिंग होममध्ये दाखल झालेल्या मराठी आईवडिलांसाठी दोन नियम विशेष कामाचे आहेत. माहिती रहिवाशाला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, आणि जेवणाचा मेनू ठरवताना रहिवाशांच्या धार्मिक व सांस्कृतिक गरजा आणि रहिवासी गटाचे म्हणणे संस्थेने विचारात घेतले पाहिजे. कांदा-लसूण न खाणाऱ्या किंवा एकादशी पाळणाऱ्या आजींची मागणी परिषदेच्या कागदावर, तारखेसह गेली, तर संस्थेला तिचे उत्तर द्यावे लागते.