क्लॅरिनेट घेताय? ‘चेक केलंय’ एवढ्यावर थांबू नका

क्लॅरिनेट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, “चेक केलेलं आहे ना?” त्यावर कुठलाही दुकानदार “हो” म्हणतो. आम्हीही म्हणतो. कुणी, कधी आणि कसं केलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

पुष्कळदा चेक म्हणजे जाणता वादक दोन ओळी फुंकून दाखवतो. यातच गोम आहे. मुरलेली बोटं नकळत जोर देऊन गळकं पॅडही (चावीखालची, भोक झाकणारी गादी) दाबून बसवतात. नवशिक्याच्या हातात तेच वाद्य चिरकतं, खालचे सूर निघत नाहीत आणि खापर फुटतं त्याच्या फुंकीवर. आम्हीही ही चूक केली आहे. एका शाळकरी मुलाला “रियाज कर, येईल” म्हणून परत पाठवलं. तो पुन्हा आला तेव्हा नीट पाहिलं, तर एक पॅड एका बाजूनं केसभर उघडं राहत होतं. तेव्हापासून आमच्याकडे आधी गळती बघतात, मग फुंकतात.

ही परीक्षा तुम्हीही करू शकता. फक्त वरचा जॉइंट, म्हणजे डाव्या हाताचा तुकडा घ्या, त्याचं वरचं तोंड पुसा. डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटांनी भोकं बंद करा, खालचं टोक उजव्या तळव्यानं झाका आणि वरून हवा ओढून धरा. ओढ चार-पाच सेकंद टिकली आणि तळवा काढताना ‘टप्’ वाजलं, तर ठीक. शंका आली तर सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली धरून चावी मिटा आणि पट्टी हळूच ओढा. चारी बाजूंनी सारखी अडली पाहिजे.

कंपनीतून तपासून आलेला मालही प्रवासात हादरे खातो. आम्ही खोका उघडल्यावर पुन्हा बघतो आणि काय दुरुस्त केलं ते बिलावर लिहितो.

जुनं वाद्य घेताना ‘एच.पी.’ (हाय पिच) शिक्का दिसला तर सोडून द्या. ते जुन्या, चढ्या पट्टीचं असतं. आजच्या कीबोर्डशी जुळत नाही, बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) कितीही बाहेर ओढा. वरातीत पावसापाण्यात वाजवायचं असेल तर एबीएस प्लास्टिकचं घ्या. लाकडी नवं असेल तर पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटंच वाजवा, नाहीतर तडा जायची भीती.

तुमचं नेहमीचं माउथपीस असेल तर घेऊन या. वाजवून बघायला दोन नंबरची कोरी रीड (माउथपीसला लावायची पातळ पट्टी) आम्ही देऊ.