चित्रेच्या खाली एक वीत

मे महिन्यात, पावसाळ्याआधीच्या एखाद्या निरभ्र रात्री दहाच्या सुमारास काणकोणच्या काळोख्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे बघा. उंचावर निळसर-पांढरी चित्रा ही तारका दिसेल. हात लांब करून तिच्याखाली एक वीत मोजली की वासुकी तारकासमूहातल्या एम 83 या दीर्घिकेची, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या एका अवाढव्य समूहाची, जागा येते. अंतर सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षं. दुर्बिणीतून नुसता धूसर ठिपका दिसतो, पण गोव्यातून ती क्षितिजापासून 45 अंशांपर्यंत चढते. उत्तर युरोपातल्या आकाशनिरीक्षकांच्या नशिबी हे नाही.

2003 मध्ये सोडलेल्या 'गॅलेक्स' या अतिनील दुर्बिणीने हीच दीर्घिका टिपली, तेव्हा नेहमीच्या छायाचित्रात जिथे तबकडी संपते त्याच्या कितीतरी बाहेर कोवळ्या ताऱ्यांचे पुंजके सापडले. तिथे विरळ हायड्रोजन आहे हे रेडिओ दुर्बिणींमुळे माहीत होतं. इतक्या विरळ वायूतही तारे जन्मतात, हे मात्र अनपेक्षित होतं.

अतिनील प्रकाशच का, हे चित्राच सांगते. तिचं पृष्ठभागाचं तापमान 20,000 अंशांच्या वर असल्याने तिचा बहुतेक प्रकाश अतिनील असतो. असे वजनदार तारे इंधन भराभर जाळतात आणि काही कोटी वर्षांतच संपतात. त्यामुळे दीर्घिकेत जिथे अतिनील झळाळी असते, तिथे ताऱ्यांचा जन्म अलीकडचा, साधारण गेल्या दहा कोटी वर्षांतला. दृश्य प्रकाशात मात्र म्हातारे तारे आणि तान्हे तारे एकत्रच मिसळून येतात.

वातावरणातला ओझोन हा प्रकाश अडवतो (आपल्या कातडीचं भाग्य!), म्हणून दुर्बीण अंतराळातच हवी. 28 सप्टेंबर 2015 रोजी झेपावलेल्या भारताच्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'वर अशी जोड-दुर्बीण आहे. आरसे जेमतेम 38 सेंटिमीटरचे, पण चित्र गॅलेक्सपेक्षा सुमारे तिप्पट रेखीव.

तिची मला सर्वांत मोलाची वाटणारी कामगिरी 2020 मध्ये जाहीर झाली. पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेतले कनक साहा आणि सहकाऱ्यांनी 930 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निसटलेला अतितीव्र अतिनील प्रकाश पकडला. निघताना त्याची तरंगलांबी सुमारे 60 नॅनोमीटर होती. विश्वाच्या प्रसरणाने ती 2.4 पट ताणली गेली आणि तो आपल्या दुर्बिणीच्या टप्प्यात आला. 91.2 नॅनोमीटरपेक्षा आखूड प्रकाश हायड्रोजनचे अणू गिळून टाकतात, त्यामुळे तो दीर्घिकेबाहेर निसटणं दुर्मीळच. बाल्यावस्थेतल्या विश्वाचा हायड्रोजन अशाच प्रकाशाने आयनीभूत झाला, म्हणजे त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झाले, असावं. म्हणूनच या चिमुकल्या दीर्घिकेचं मोल.

धूळ ही या अभ्यासातली खरी डोकेदुखी. ती अतिनील प्रकाश शोषते आणि अवरक्त (उष्णतेच्या) रूपात बाहेर टाकते, म्हणून दोन्हींचा हिशेब जुळवावा लागतो. तो जुळवल्यावर दिसतं, की विश्वात ताराजन्माची लाट सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी शिगेला होती; आज तो वेग जवळपास दहाव्या हिश्शावर आला आहे.

अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदींचं भांडार इस्रोने 2018 पासून सर्वांसाठी खुलं केलं आहे. गोव्यात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी ते जरूर उघडून बघावं.