बॅकबेंचर आणि अशासकीय सदस्य: बाक वेगळा, पद वेगळं

बॅकबेंचर म्हटलं की आपल्याला शेवटच्या बाकावर बसून तासाला डबा उघडणारा पोरगा आठवतो. संसदेतल्या बॅकबेंचरचा हुशारीशी काही संबंध नाही. त्याच्याकडे पद नसतं, एवढंच.

शब्द ब्रिटनचा. तिथल्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये हिरवे लांब बाक समोरासमोर आहेत. पहिल्या बाकावर एकीकडे मंत्री, दुसरीकडे विरोधकांचे 'शॅडो' मंत्री, म्हणजे एकेका खात्याच्या मंत्र्यावर नजर ठेवणारे विरोधी खासदार; बाकीचे मागे. सोळाव्या शतकात हे सभागृह सेंट स्टीफन्स चॅपलमध्ये भरू लागलं. प्रार्थना गाणाऱ्यांची तिथली समोरासमोरची आसनं खासदारांच्या वाट्याला आली आणि मांडणी तीच राहिली. आजही ६५० खासदारांना जागा ४२७च. गर्दीच्या दिवशी उशिरा येणाऱ्यानं उभं राहायचं!

'अशासकीय सदस्य' या शब्दाचा बाकाशी संबंध नाही. जो मंत्री नाही, तो अशासकीय. म्हणजे लोकसभेतला विरोधी पक्षनेता पहिल्या रांगेत बसतो, तरी अशासकीयच. बॅकबेंचर मात्र त्याला कुणी म्हणणार नाही. उलट सत्ताधारी पक्षाचा मंत्रिपद न मिळालेला खासदार दोन्ही असतो.

अशासकीय सदस्यानं मांडलेल्या विधेयकाला वर्तमानपत्रं 'खासगी विधेयक' म्हणतात, तेव्हा ते खासदाराच्या घरचं कार्य वाटतं. आपल्या विधिमंडळातला 'अशासकीय' हाच शब्द बरा. लोकसभेत या कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात. स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी १९६७ मध्ये मांडलेलं घटनादुरुस्ती विधेयक त्यांत नाही. पण मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करण्याचा जो अधिकार ते संसदेसाठी मागत होते, तो १९७१ च्या २४व्या घटनादुरुस्तीत सरकारनंच आणला.

दोन्ही शब्द एकाच माणसाला लागू पडलेले पाहायचे तर फिरोज गांधी. काँग्रेसचे खासदार, पंतप्रधानांचे जावई, पण मंत्री नव्हेत. संसदेतल्या कामकाजाचा खरा वृत्तान्त छापणाऱ्या वर्तमानपत्रांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदा त्यांच्या अशासकीय विधेयकातून झाला. पुढच्याच वर्षी, आयुर्विमा महामंडळाचे पैसे उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत कसे गेले, हे त्यांनी सत्ताधारी बाकांवरूनच विचारलं. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.