भाजलेल्या जखमेवर प्राण्यांची कातडी आणि कृत्रिम त्वचा

खोल भाजलं की त्वचेचा खालचा थर (डर्मिस) जळून जातो आणि तो स्वतःहून परत तयार होत नाही, अंगातलं पाणी झिरपत राहतं, इन्फेक्शन शिरतं. खरा इलाज म्हणजे पेशंटच्याच मांडीची वगैरे पातळ कातडी काढून लावणं, पण अर्धं अंग भाजलं असेल तर ती आणायची कुठून? तोवर जखम झाकायला उसनी कातडी लागते. मरणोत्तर त्वचादानातून मिळाली तर उत्तमच, मुंबईत सायन हॉस्पिटलात २००० पासून त्यासाठी स्किन बँक आहे, पण दान कमी पडतं.

मग प्राणी. सगळ्यात जास्त वापर डुकराच्या कातडीचा, कारण ती आपल्यासारखी असते. पण ती कायमची चिकटते हा गैरसमज आहे, शरीर तिला परकीच मानतं, काही दिवसांनी ती काढावी लागते किंवा आपोआप सुटते. ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात डॉक्टरांनी तिलापिया माशाची कातडी वापरली, म्हणजे उजनीवाले जिला चिलापी म्हणतात तीच! एरवी फेकून देतात ती कातडी, पण तिच्यात कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) भरपूर, ओलावा टिकतो, निर्जंतुक करून लावली की वरवरच्या जखमेवर दहाएक दिवस तशीच राहू शकते, त्यामुळे रोज ड्रेसिंग बदलायच्या यातना वाचतात, आणि भाजलेल्या पेशंटला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच असते. २०१७ च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यात पंजे भाजलेल्या अस्वलांनाही हीच लावली होती.

कृत्रिम त्वचेत मोठं काम बोस्टनच्या जॉन बर्क (सर्जन) आणि तिथल्याच एमआयटी विद्यापीठाच्या आयोनिस यानास यांचं. १९८१ मध्ये त्यांनी १० पेशंटवरचे निष्कर्ष छापले, पुढे तीच 'इंटेग्रा' नावाने बाजारात आली, १९९६ ला अमेरिकेत मंजुरी. खाली गाईचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक घटक यांची सच्छिद्र जाळी, वर सिलिकॉनचा पापुद्रा. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की जाळी टिकण्यासाठी नाहीच, पेशंटच्या पेशी आणि रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, नवं डर्मिस बांधतात आणि जाळी हळूहळू विरघळते. दोन-तीन आठवड्यांनी सिलिकॉन काढून त्यावर पेशंटची अगदी पातळ कातडी लावतात. महाग आहे, आणि खाली इन्फेक्शन झालं तर सगळं काढावं लागतं. शिवाय अशा त्वचेत घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून खूप भाजलेल्या माणसाला जखमा भरल्यावरही उन्हाळा फार जड जातो.