‘स्टोरेज फुल’ आलंय? काही पुसण्याआधी हा कागद वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक – मोबाईल विक्री व दुरुस्ती, लातूर

फोन भरला की माणूस आधी ॲप काढायला लागतो, मग ‘शुभ सकाळ’चे फोटो एकेक करून पुसायला बसतो. तासभर बोटं झिजवली तरी आकडा हलत नाही, कारण हिशोबच चुकलेला असतो. व्हॉट्सॲपवर आलेला साधा फोटो शंभर ते तीनशे केबीचा असतो (साधारण हजार केबीचा एक एमबी, हजार एमबीचा एक जीबी). असे हजार फोटो पुसले तरी दोन-तीनशे एमबीच सुटणार. फुल एचडीत काढलेला व्हिडिओ मात्र मिनिटाला साधारण १३० एमबी खातो. लग्नातला अर्ध्या तासाचा एकच व्हिडिओ जवळपास चार जीबीचा होतो. कॅमेऱ्यात फोर-के लावलेलं असेल तर मिनिटाला साडेतीनशे एमबीच्या घरात जातं. येळवशीला (वेळा अमावस्येला) वावरात काढलेले दोन लांब व्हिडिओ दहा-वीस हजार फॉरवर्ड फोटोंना भारी पडतात. तेव्हा मोठं काय आहे ते आधी हुडकायचं.

जागा कुणी खाल्ली?

सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडा. काही फोनमध्ये हे ‘अबाउट फोन’मध्ये सापडतं. तिथे ॲप, फोटो, व्हिडिओ, सिस्टीम अशी वाटणी दिसते. तिचा फोटो काढून ठेवा किंवा आकडे कागदावर टिपा. नाहीतर नंतर काय सुटलं ते कळत नाही.

काउंटरवर वारंवार विचारलं जातं, “६४ जीबीचा फोन घेतला, मग चाळीसच का मिळाले?” कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, काही फोन १०२४च्या पटीत मोजतात, तिथे ६४चे ५९.६ दिसतात. त्यातून अँड्रॉइड आणि कंपनीची स्वतःची ॲप मिळून साधारण १५ ते २० जीबी जातात. ती जागा पुसून मिळत नाही. तिच्या मागे लागू नका.

रॅम आणि स्टोरेज एक नव्हे. रॅम म्हणजे चालू ॲपना लागणारी कामापुरती मेमरी, फोटो-व्हिडिओ साठतात ते स्टोरेजमध्ये. खोक्यावर ४/६४ लिहिलेलं असतं, त्यातला चार हा रॅमचा. आता फोनमध्ये ‘रॅम प्लस’, ‘एक्स्टेंडेड रॅम’ अशा नावाने जादा रॅम दाखवतात. ती हवेतून येत नाही, तुमच्याच स्टोरेजमधून २, ४ किंवा ८ जीबी कापून घेतलेली असते. जागेची टंचाई असेल तर ती बंद करा आणि फोन रीस्टार्ट करा. एका झटक्यात तेवढे जीबी परत येतात. एवढा सोपा उपाय असून तो फारसा कुणाला ठाऊक नसतो.

किमान दहा टक्के जागा कायम मोकळी ठेवा, म्हणजे ६४ जीबीच्या फोनमध्ये सहा-सात जीबी. फोनच्या मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवं लिहिता येत नाही, आधी पूर्ण कप्पा रिकामा करावा लागतो. मोकळे कप्पे संपले की चिप सतत इकडचं तिकडे हलवत बसते. फोन अडकतो, गरम होतो. अपडेट अर्ध्यावर थांबतं. व्हॉट्सॲप रात्री दोनला जो रोजचा बॅकअप फोनमध्येच घेतं, तोही होत नाही. आणि ई-पीक पाहणीसाठी वावरात उभं राहून फोटो काढायला जावं तर कॅमेरा ‘जागा नाही’ म्हणतो.

व्हॉट्सॲप

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फोनमध्ये खरं दुखणं इथेच असतं.

व्हॉट्सॲप उघडा, वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, ‘स्टोरेज अँड डेटा’, ‘मॅनेज स्टोरेज’. वरच्या बाजूला दोन कप्पे दिसतील, एक ५ एमबीपेक्षा मोठ्या फायलींचा आणि दुसरा पुष्कळ वेळा फॉरवर्ड झालेल्यांचा. फॉरवर्डचा कप्पा वरवर नजर टाकून सरसकट पुसला तरी चालतो. मोठ्या फायलींच्या कप्प्यात मात्र घाई नको, कारण तुम्हाला हवा असलेला बारशाचा व्हिडिओही तिथेच असतो. खाली गट आणि माणसं यांची यादी येते, सर्वात जास्त जागा खाणारं सर्वात वर. सोयऱ्यांचा गट, गावाचा गट आणि एखादा पक्षाचा गट, एवढे तीन आवरले की बरंच काम होतं.

मग नळ बंद करा. त्याच ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ आहे. मोबाईल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग या तिन्हींमध्ये व्हिडिओ आणि डॉक्युमेंटची खूण काढा. यानंतर व्हिडिओ तुम्ही दाबल्याशिवाय उतरणार नाही. आवाजी मेसेज तरीही आपोआप उतरतात, त्यांची जागा किरकोळ असते.

‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली म्हणजे जागा वाचली, असं बरेच जण समजतात. तसं होत नाही. फोटो फक्त गॅलरीत दिसायचे थांबतात, फोनमध्ये उतरतातच. उलट डोळ्याआड झाल्यामुळे जास्त साठतात.

दुसरी दडलेली जागा म्हणजे ‘सेंट’ फोल्डर. गॅलरीतला व्हिडिओ तुम्ही कुणाला पाठवला की व्हॉट्सॲप त्याची लहान केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवतं. फाइल मॅनेजरमध्ये इंटर्नल स्टोरेज, अँड्रॉइड, मीडिया, व्हॉट्सॲपचं फोल्डर, पुन्हा मीडिया, ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’, त्यात ‘सेंट’ असा रस्ता आहे. मूळ व्हिडिओ गॅलरीत आहे ही खात्री करून ही प्रत काढता येते. शेजारी ‘डेटाबेसेस’ नावाचं फोल्डर दिसेल, त्याला हात लावू नका. मेसेजचे बॅकअप तिथे असतात.

गॅलरी आणि गुगल फोटोज

पुसलेला फोटो लगेच जात नाही. गॅलरीच्या ‘ट्रॅश’मध्ये बहुतेक फोनवर ३० दिवस राहतो, गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस. आयफोनमध्ये ‘रिसेंटली डिलीटेड’ नावाचा अल्बम असतो. हे रिकामं केल्याशिवाय जागा सुटत नाही, पण चुकून काही पुसलं तर परत आणायची जागाही हीच. पुसल्यावर एखादा दिवस थांबा, घरात कुणी ‘तो फोटो कुठे गेला’ म्हणत नाही ना बघा, मग ट्रॅश रिकामा करा.

नुकसान होतं ते गुगल फोटोजच्या गैरसमजाने. बॅकअप चालू असताना त्या ॲपमध्ये फोटो पुसला तर तो फोनमधूनही जातो आणि गुगलच्या खात्यातूनही. ‘गुगलवर आहेच की’ म्हणून हजारो फोटो पुसणाऱ्याला साठ दिवसांनी ते कुठेच सापडत नाहीत. नव्या काही फोनमध्ये गॅलरी म्हणून गुगल फोटोजच दिलेलं असतं, तिथे हा धोका जास्त. खात्यात ठेवून फक्त फोनमधून काढायचं असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. बॅकअप पूर्ण झालेलेच फोटो ते काढतं. नंतर ते फोटो बघायला नेट लागेल, हे लक्षात असू द्या.

गुगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. १ जून २०२१ पासून फोटोंसाठी अमर्याद फुकट जागा बंद झाली, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच १५ जीबीत मोजला जातो. ती भरली की नवीन मेल येणंही थांबतं. बँकेचं आणि परीक्षेचं पत्र त्याच मेलवर येत असेल तर काय होईल ते सांगायला नको. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद केलं तर बराच भार हलका होतो.

क्लास करणाऱ्या लेकरांच्या फोनमध्ये

नीट-जेईईची तयारी करणाऱ्यांच्या फोनमध्ये गॅलरी रिकामी आणि स्टोरेज भरलेलं, असं चित्र असतं. ऑफलाइन बघायला उतरवलेली लेक्चर क्लासच्या ॲपच्या पोटात असतात. ती गॅलरीत दिसत नाहीत, फाइल मॅनेजरमध्येही सहसा सापडत नाहीत. त्या ॲपमध्येच ‘डाउनलोड्स’ उघडून झालेला धडा काढायचा. यूट्यूबवर उतरवलेल्यांचंही तसंच.

टेलिग्रामवर नोट्स आणि व्हिडिओ घेत असाल तर सेटिंग्ज, ‘डेटा अँड स्टोरेज’, ‘स्टोरेज यूसेज’मध्ये जा. मीडिया किती दिवस ठेवायचा ते तिथे ठरवता येतं, एक आठवडा पुरतो. इथे पुसायला भिऊ नका. मूळ फाइल टेलिग्रामच्या सर्व्हरवर असते, लागेल तेव्हा परत उतरते. अपवाद सिक्रेट चॅटचा.

‘क्लिअर कॅशे’ चालेल, ‘क्लिअर डेटा’ नको

दोन्ही बटणं शेजारी शेजारी असतात. कॅशे म्हणजे ॲपने पुन्हा लागेल म्हणून साठवलेला तात्पुरता माल. फेसबुक, इन्स्टाग्राम, क्रोम यांचा कॅशे पुसला तरी काही बिघडत नाही, मात्र वापर सुरू झाला की तो पुन्हा भरतो. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ने ॲप कोरं होतं. व्हॉट्सॲपवर दाबलं तर बॅकअप नसेल तेवढे मेसेज गेले. पैसे पाठवायच्या ॲपवर दाबलं तर सिमवरून पुन्हा नोंदणी करावी लागते. ई-पीक पाहणीची माहिती भरून अपलोड बाकी असेल तर ते ॲप काढू नका आणि त्याचा डेटाही पुसू नका, आधी रेंजमध्ये येऊन अपलोड पूर्ण करा.

फोन साफ करून देणारी, वेग वाढवणारी ॲप टाकू नका. जाहिराती दाखवण्यापलीकडे ती फार काही करत नाहीत आणि स्वतःच जागा घेतात. गुगलचं ‘फाइल्स’ ॲप पुरेसं आहे. त्यात मोठ्या आणि दोनदा आलेल्या फायली वेगळ्या काढून दाखवतात.

फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होत असतील तर तेही तपासा. एकेक रेकॉर्डिंग लहान असतं, पण दोन-तीन वर्षांची मिळून काही जीबी निघतात.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड

हवे असलेले व्हिडिओ फोनबाहेर काढायला ओटीजी पेनड्राइव्ह, म्हणजे थेट फोनला लावता येणारा, सर्वात सोपा. घेताना फोनचं तोंड टाइप-सी आहे की जुनं मायक्रो, ते बघून घ्या. ओप्पो, विवो, रिअलमीच्या बऱ्याच फोनमध्ये ‘ओटीजी कनेक्शन’ सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापर नसेल तर ते आपोआप बंद होतं. पेनड्राइव्ह खराब आहे म्हणून परत आणण्याआधी एवढं करून बघा.

‘मूव्ह’ करू नका, ‘कॉपी’ करा. मूव्ह चालू असताना पेनड्राइव्हला धक्का लागला किंवा कॉम्प्युटरवर घेताना लाइट गेली, तर फाइल इकडची ना तिकडची होते. कॉपी झाल्यावर चार-पाच व्हिडिओ पेनड्राइव्हवरूनच उघडून, मध्ये आणि शेवटी चालवून बघा. मगच फोनमधले पुसा. चार जीबीपेक्षा मोठी फाइल ‘कॉपी होत नाही’ म्हणत असेल तर पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा आहे. तो एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो, आणि फॉरमॅट केला की त्यातलं सगळं जातं. म्हणून हे काम पेनड्राइव्ह नवा असतानाच उरका.

मेमरी कार्डावर व्हॉट्सॲप हलवता येत नाही, पण कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ थेट कार्डावर घेता येतात. कॅमेरा सेटिंगमध्ये ‘स्टोरेज लोकेशन’ बदला. बऱ्याच फोनमध्ये दुसरं सिम आणि कार्ड यांची जागा एकच असते, दोन्ही बसत नाहीत. बाजारात फार स्वस्तात मिळणारं ५१२ जीबी किंवा १ टीबीचं कार्ड घेऊ नका. बनावट कार्डात खरी मेमरी थोडी असते, फोनला मात्र मोठा आकडा दाखवायची सोय केलेली असते. खरी जागा संपली की पुढचे फोटो उघडत नाहीत आणि मागचेही बिघडतात.

चिप बदलून फोनची आतली मेमरी वाढवून मिळेल का, असंही विचारतात. ती चिप बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते, काढताना आतला सगळा डेटा जातो आणि बोर्डही जाऊ शकतो. आम्ही ते काम घेत नाही.

दुकानात आणायचा असेल तर

बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या, रिकामा पेनड्राइव्ह असेल तर सोबत घ्या. गुगल खात्याचा मेल आयडी आणि पासवर्ड आठवतो का, ते घरीच तपासा. रीसेट करायची वेळ आली आणि पासवर्ड माहीत नसला, तर फोन जुनंच खातं मागत कुलूपबंद होऊ शकतो. म्हणून पासवर्डची खात्री झाल्याशिवाय आम्ही रीसेट करत नाही. पैसे पाठवायच्या ॲपचा पिन आम्हालाही सांगू नका, या कामाला तो लागत नाही. काय पुसायचं ते तुम्ही समोर बसून दाखवायचं. फोन ठेवून बाजाराला गेलात तर आम्ही फक्त कॉपी करून ठेवू, पुसायचं काम तुम्ही परत आल्यावर.